श्रद्धांजली की आदरांजली?

आमच्या गावातल्या शाळेत तीसेक वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले एक सर गेल्या हिवाळ्यात गेले. माजी विद्यार्थ्यांनी शोकसभा ठरवली आणि फलकाचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. हात सवयीने चालला. आधी ‘कै.’, मग सरांचं नाव, खाली ‘यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. फ्लेक्सवाल्याकडे तर ही अक्षरं तयारच असतात. समई, कमळ, मागे निळं आकाश, फक्त फोटो बदलायचा. छापायला देण्याआधी मजकूर सरांच्या मुलाला दाखवला. त्याने दोन शब्द बदलायला सांगितले: ‘कै.’च्या जागी ‘कालकथित’ आणि ‘श्रद्धांजली’च्या जागी ‘आदरांजली’.

घर बौद्ध आहे हे मला ठाऊक होतं, आणि ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, त्यामुळे पहिला बदल लगेच कळला आणि तो माझ्या आधीच लक्षात यायला हवा होता याची लाजही वाटली. दुसऱ्याचं कारण मी विचारलं. तो म्हणाला, “काका, अप्पांनी आयुष्यभर पोरांना एकच सांगितलं. उत्तर पुस्तकाशी जुळलं म्हणून खूश होऊ नका, ते कसं आलं ते दाखवा. त्यांच्या फोटोखाली श्रद्धा हा शब्द नको वाटतो.”

फलक बदलला. माझ्या मनात मात्र तो प्रश्न तेव्हापासून आहे. हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. वर्तमानपत्रात एकाच बातमीच्या मथळ्यात एक आणि मजकुरात दुसरा असतो. पण ते एक नाहीत, आणि त्यांतला फरक केवळ शब्दांच्या शौकिनांनी चघळायचा नाही. महाराष्ट्रात थोर माणसांच्या नावाने जे वाद पेटतात, त्यांतले बरेचसे या फरकाच्या विसरातून आलेले आहेत, असं मला वाटू लागलं आहे.

आधी शब्दांकडे पाहू. दोन्हींत ‘अंजली’ आहे, म्हणजे आपली ओंजळ. दोन तळवे जोडून केलेला खळगा. त्यात फुलं धरली की पुष्पांजली, तीळ आणि पाणी धरलं की तिलांजली. या तिलांजलीचं मराठीत काय झालं ते पाहण्यासारखं आहे. मृताला द्यायचं ते तिळोदक, पण आपण ‘त्याने नोकरीला तिलांजली दिली’ असं म्हणतो, कारण एकदा ती दिली की परत जायचं नसतं. श्रद्धांजलीही या घरातली, म्हणून मराठीत ती जिवंत माणसाला देता येत नाही. तसं पाहिलं तर शब्दात मरणाचा उल्लेख कुठेच नाही. श्राद्ध हा शब्द श्रद्धेपासूनच आला आहे, आणि त्याची सावली श्रद्धांजलीवर पडली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारणारी प्रतिज्ञा आहे. अनेक आंबेडकरी घरांत श्रद्धांजली हा शब्द टाळला जातो, त्यामागे ही जाण असते. सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवरचे फलक वाचा. ‘विनम्र अभिवादन’ दिसेल, ‘आदरांजली’ दिसेल. एक जानेवारीला कोरेगाव भीमाच्या स्तंभापाशी ‘मानवंदना’ असते. शब्द निवडून घेतलेले आहेत.

आता ओंजळीत काय आहे ते. ‘श्रद्धा’ या शब्दाचे दोन भाग, श्रत् आणि धा. धा म्हणजे ठेवणं. श्रत् हे निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या कोशात, सत्याच्या नावांमध्ये येतं. तौलनिक भाषाशास्त्रज्ञ ते हृदयाशी जोडतात. दोन्ही अर्थ घेतले तर श्रद्धा म्हणजे एखाद्या ठिकाणी आपलं काळीज ठेवून येणं, तेच खरं मानून. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेवर स्वतंत्र सूक्त आहे आणि तिथे अग्नीसुद्धा श्रद्धेने पेटतो. मोठा शब्द आहे हा. त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही.

‘आदर’ त्या मानाने साधा. आ उपसर्ग आणि दृ धातू. संस्कृतात आदर म्हणजे मान तर आहेच, पण लक्ष देणं, काळजी घेणं, एखाद्या गोष्टीची दखल घेणं हेही आहे. म्हणून त्याचा विरुद्ध शब्द अनादर, ज्यात अपमानाइतकंच दुर्लक्षही आहे. ज्याचा आदर करायचा त्याच्याकडे नीट पाहावं लागतं. डोळे उघडे ठेवावे लागतात. काळीज ठेवून आल्यावर पुन्हा तपासायला जाण्याची गरज उरत नाही. आदराला मात्र रोज नव्याने पाहावं लागतं, आणि पाहता पाहता तो वाढू शकतो, घटूही शकतो.

मराठीच्या व्याकरणाने हा फरक फार सुंदर सांभाळला आहे. आपल्याकडे आदरार्थी बहुवचन आहे. ‘गुरुजी आले’, ‘आजोबा म्हणाले’. पण ‘आई आली’. ‘विठोबा विटेवर उभा आहे’. ‘गणपती आला’. जिथे काळीज ठेवलं आहे तिथे मराठी माणूस एकवचनात बोलतो. जवळिकीला बहुवचनाचं अंतर सोसत नाही. (महाराज, बाबा, स्वामी असे शब्द जोडले की बहुवचन येतं, तेव्हा हा नियम पक्का नाही, पण कल असा आहे.) भीमगीतं ऐका. ‘माझ्या भीमानं’, ‘भीमराया’ हे गाणारी बाई बाबासाहेबांचा अवमान करते आहे असं कुणी स्वप्नातही म्हणणार नाही. तिच्या घरातला दिवा त्या माणसाने लावला आहे. तीच बाई संध्याकाळी सभेत बोलायला उभी राहिली की ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले’ असं म्हणते. एकाच मनात श्रद्धा आणि आदर दोन्ही आहेत, आणि कुठे कोणता काढायचा हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. पोवाड्यांतला ‘शिवबा’ही असाच आहे.

आणि तरीही गेल्या काही वर्षांत ‘एकेरी उल्लेख’ हा आपल्याकडे आरोप होऊन बसला आहे. व्याख्यात्याच्या तोंडून, पाठ्यपुस्तकातून, पाटीवरून कुठे नुसतं नाव आलं की संताप होतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसला १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं, आणि विमानतळाच्या नावातही २०१८ मध्ये तसाच बदल झाला. बदलामागची भावना खरी आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण आज प्रवासी काय म्हणतो? ‘सीएसएमटी’. चार अक्षरांत राजाही नाही आणि महाराजही नाहीत. कोल्हापूरच्या विद्यापीठाचं नाव १९६२ साली ‘शिवाजी विद्यापीठ’ एवढंच ठेवलं गेलं. लांब नावाचं लघुरूप होतं आणि मूळ नाव जिभेवरून जातं, हा त्यामागचा विचार होता असं सांगितलं जातं. आजही विद्यार्थी ‘शिवाजी विद्यापीठ’ असंच म्हणतो, पूर्ण, रोज. त्याही नावात वाढ करावी अशी मागणी झाली आणि तिला विरोधही झाला. मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. त्या नावात आदर कमी आहे असं मला कधीच वाटलं नाही. माणूस एवढा मोठा, की नाव पुरेसं आहे.

माझं खरं म्हणणं असं आहे. व्याकरण आदराचं मागायचं आणि वागणूक श्रद्धेची मागायची, असं आज चाललं आहे. बहुवचन लावा, उपाध्या पूर्ण लिहा, आणि त्यानंतर प्रश्न विचारू नका. बहुवचनाने जे अंतर निर्माण होतं ते मुळात प्रश्न विचारण्यासाठीच आहे. शिक्षकाला ‘तुम्ही’ म्हणायचं आणि मग हात वर करायचा. ते अंतर ठेवून हात मात्र खाली दाबायचा, हे आदरातही बसत नाही आणि श्रद्धेतही. श्रद्धा कुणाकडे मागून मिळत नसते.

या घालमेलीत आपण काय गमावलं, याची एक तारीख माझ्या मनात पक्की आहे: ५ जानेवारी २००४. एका परदेशी अभ्यासकाच्या शिवचरित्रावरच्या पुस्तकातल्या मजकुरावरून संतापलेला जमाव त्या दिवशी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत शिरला आणि कपाटं, पुस्तकं, हस्तलिखितं यांची नासधूस झाली. तो मजकूर वाचून मलाही राग आला होता. आजही येतो. पण ही संस्था कोणती, ते आठवा. १९१९ पासून १९६६ पर्यंत तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती. देशभरातून हजाराहून अधिक हस्तलिखितं गोळा केली, शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम अशा वेगवेगळ्या लिप्यांतल्या पाठांची ओळ ओळ ताडून पाहिली, कोणता श्लोक जुना, कोणता मागाहून घातलेला, हे ठरवलं. विष्णु सीताराम सुकथनकरांसारख्या माणसाने त्या कामात आयुष्य घातलं. ज्या ग्रंथावर देशाची श्रद्धा, त्यातला प्रत्येक शब्द त्यांनी प्रश्न विचारून घेतला. कित्येक लाडके प्रसंग मूळ संहितेतून तळटीपांत आणि परिशिष्टांत गेले. महाभारताचा याहून मोठा आदर कुणी केला असेल असं मला वाटत नाही. आदर म्हणजे दखल, लक्ष, काळजी, हे तिथे दिसतं. एका पुस्तकातल्या चुकीच्या ओळींना उत्तर द्यायची हत्यारं त्याच कपाटांत होती.

सार्वजनिक जीवनाला आदर लागतो, याचं मला सगळ्यांत जवळचं वाटणारं उदाहरण पुण्यातलंच आहे. गोपाळ कृष्ण गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गेले. टिळक आणि गोखले यांचं वैर जगजाहीर होतं. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा दोघे समोरासमोरच्या बाजूंना होते. टिळक सिंहगडावर होते; बातमी कळताच ते खाली आले आणि स्मशानात बोलले. भारताचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न, कार्यकर्त्यांचा राजा, असं त्यांनी गोखल्यांना म्हटलं आणि जमलेल्यांना सांगितलं, याच्याकडे पाहा आणि याच्यासारखं होण्याचा प्रयत्न करा. टिळकांची गोखल्यांवर श्रद्धा नव्हती. त्यांच्या राजकारणाचा मार्ग त्यांना चुकीचा वाटत होता आणि त्या दिवशी स्मशानात तो बरोबर झाला नव्हता. तरी ओंजळ भरलेली होती. विरोधकाला श्रद्धांजली द्यायची तर खोटं बोलावं लागतं. आदरांजली खरेपणाने देता येते. लोकशाहीत आपले निम्मे थोर लोक कुणा ना कुणाचे विरोधक असणारच. मग त्यांना निरोप द्यायला आपल्याकडे दुसरा कोणता शब्द आहे?

दुसरं उदाहरण १८ जानेवारी १९४३ चं. न्यायमूर्ती रानड्यांच्या एकशे एकाव्या जयंतीला पुण्याच्या डेक्कन सभेने बाबासाहेबांना बोलावलं. जयंतीचं भाषण आपल्याला पाठ असतं. जन्म, कार्य, आजच्या काळातली गरज, टाळ्या. बाबासाहेबांनी उभं राहून प्रश्न केला की रानडे थोर होते का, आणि थोर माणूस म्हणायचं कुणाला. मग कसोट्या मांडल्या, त्या तपासल्या, आणि रानडे त्यांवर उतरतात असं दाखवलं. याच भाषणात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार वेगळे केले. उदात्ताबद्दल वाटणारं कौतुक मोकळेपणाने व्यक्त करणं हा एक. त्यात माणसाची विचार करण्याची शक्ती शाबूत राहते. विभूतीची आज्ञा पाळत सुटणं हा दुसरा. तो माणसाला मूर्ख बनवतो आणि राज्यालाही धोक्यात घालतो. सहा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान सभेत तेच पुन्हा म्हणाले. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात मात्र भक्ती हा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेणारा हमखास रस्ता आहे. आयुष्यभर सेवा केलेल्या थोरांविषयी कृतज्ञ असण्यात काही गैर नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा आहेत, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितलं. हे वाक्य त्यांच्या पुतळ्यासमोर उभं राहून वाचावं, आणि ते त्यांनाही लागू होतं हे मानावं. त्यांनीच तशी सोय करून ठेवली आहे.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही मला खरे वाटतात. पहिला शब्दाविषयी. बंगालीत ‘श्रद्धा’ हा रोजच्या आदराचा शब्द आहे, हिंदीत ‘श्रद्धेय’ म्हणून हयात माणसाचा उल्लेख होतो, आपल्याकडेही होतो. शिवाय बौद्ध परंपरेतच सद्धा, म्हणजे पालीतली श्रद्धा, ही पाच इंद्रियांपैकी, म्हणजे साधनेला लागणाऱ्या मनाच्या पाच शक्तींपैकी, पहिली आहे. मग श्रद्धेलाच पिंजऱ्यात का उभं करायचं? खरं आहे. पण त्या परंपरेने सद्धेसोबत पञ्ञा, म्हणजे प्रज्ञा, ठेवली आणि दोघींचा तोल राखायला सांगितलं. केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धाने सांगितलं की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणूनही काही मानू नका. अशी तपासणी पार करून जी उरते ती श्रद्धा असेल तर तिच्यात आणि आदरात मला फार अंतर दिसत नाही. आपल्या रोजच्या मराठीत मात्र श्रद्धेचा हा अर्थ उरलेला नाही. ‘हा माझ्या श्रद्धेचा प्रश्न आहे’ हे वाक्य आपण केव्हा म्हणतो? बोलणं थांबवायचं असतं तेव्हा.

म्हणूनच २० ऑगस्टला, नरेंद्र दाभोलकरांच्या स्मृतिदिनी, कुणी फॉरवर्ड केलेलं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाचलं की मला यातना होतात. पाठवणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. पण ज्या माणसाने महाराष्ट्राला श्रद्धा तपासायला सांगितलं, ज्याला २०१३ साली त्या कामासाठी पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या, त्याच्यासाठी आपल्याला दुसरा शब्द आठवू नये? त्यांच्या खुनानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. नरबळी, अघोरी प्रथा, जादूटोणा हे सगळं त्याच्या लांबलचक नावात आहे, ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही. श्रद्धा कुठे संपते यावरची भांडणं इतकी वर्षं चालली, की हे नाव मला त्याचंच फलित वाटतं.

दुसरा आक्षेप माझ्या बायकोचा. ती म्हणाली, “तुमची आई गेली तेव्हा आदरांजली म्हणाला असतात का?” नसतो म्हणालो. आईला आदरांजली हा शब्द थंड लागतो, परक्यासारखा. तिच्याबद्दल मी प्रश्न विचारत बसणार नव्हतो, तिची चिकित्सक आवृत्ती मला नको होती. तिथे श्रद्धांजली हवी, किंवा तीही नको, नुसतं ‘आई’. घरातलं दुःख, देवघर, वारीत माउली म्हणत एकमेकांच्या पाया पडणारी माणसं, हे सगळं श्रद्धेचं आहे आणि तिथेच राहावं. मी हट्ट धरतो तो चौकातला, शाळेतला, विधानमंडळातला, वर्तमानपत्रातला. जिथे माणूस सगळ्यांचा असतो तिथे त्याच्यावर सगळ्यांची श्रद्धा असणं शक्य नाही, आणि ती सक्तीची केली की ज्यांची नाही ते गप्प बसतात किंवा खोटं बोलतात.

सरांची सभा शाळेच्या सभागृहात झाली. फलकावर ‘आदरांजली’ होतं. सात-आठ जण बोलले, सर किती शिस्तीचे, किती वेळेचे, हेच बहुतेकांनी सांगितलं. मग चाळिशीतली एक बाई उठली. आता ती नाशिकला बँकेत आहे. तिने सांगितलं की आठवीत सरांनी तिच्या शेजारच्या मुलीला सगळ्या वर्गासमोर छड्या मारल्या, ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. दहावी झाल्यावर हिने सरांना पत्र लिहिलं, तुमचं हे चुकलं म्हणून. पंधरा दिवसांनी सरांचं उत्तर आलं. चुकलं, असं त्यात लिहिलं होतं, आणि त्या मुलीच्या घरी दोनदा जाऊन आलो, पण तिचं लग्न ठरलं होतं, असंही. सभागृहात कुणी हललं नाही. ती म्हणाली की त्यानंतर त्यांनी वर्गात छडी आणली नाही, हे धाकट्या भावाकडून तिला कळत होतं, आणि सरांविषयी तिला जे वाटतं ते त्या पत्रापासून वाटतं.

पुढच्या रांगेत सरांच्या पत्नी बसल्या होत्या. ती खाली बसल्यावर त्या मागे वळून म्हणाल्या, “तुझंही पत्र आहे घरात. ट्रंकेत आहे.”